थेंब की कोरडं

ऑफिसात आमच्या ह्यांना 'दवबिंदू' म्हणतात. तोंडावर 'सर', पाठ वळली की दवबिंदू. ह्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, कारण जन्मभर ह्या माणसाने एकच काम केलं. जमिनीतून निघालेला गॅस पाइपातून लांब जाताना शेवटपर्यंत गॅसच राहील की वाटेत त्यातून तेलाचे थेंब सुटतील, हे आधी सांगायचं. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, इंजिनिअर नवरा मिळाला, आता निदान घरातले नळ तरी गळायचे नाहीत. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय. विचारलं की म्हणतात, "तो एकाच घटकाचा द्रव आहे, त्यात काही गंमत नाही."

मी शिवणकाम करते. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला माझं मशीन आणि दुसऱ्या टोकाला ह्यांचे कागद, असा आमचा संसार. त्यामुळे गंमत कशात आहे हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. जमिनीतला गॅस म्हणजे एकच जिन्नस नव्हे. हलके घटक भरपूर, जड घटक किंचित. पण ते जड घटक इतक्या नाना तऱ्हेचे की एकेक मोजत बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून त्या सगळ्यांची मोट बांधायची आणि तिला एकच वजन, एकच स्वभाव द्यायचा. हिला हे 'शेपूट' म्हणतात. मग दाब, तापमान आणि आकारमान यांचं नातं सांगणारं समीकरण घ्यायचं, त्यात सगळे घटक शेपटासकट घालायचे, आणि उत्तराची एक वाकडी रेघ कागदावर काढायची. रेघेच्या बाहेर नुसता गॅस, रेघेच्या आत थेंब.

आणि खरी मेख पुढेच आहे. पाण्यावरचा दाब कमी केला तर त्याची वाफ होते, हे शाळेतलं. ह्या मिश्रणाचा दाब कमी करत गेलं तर मध्येच कुठेतरी गॅसमधूनच द्रव सुटायला लागतो. उलटा कारभार. "म्हणजे सासरचंच झालं," मी एकदा म्हटलं, "जरा मोकळीक दिली की रडारड." हे इतके हसले की दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगून आले.

शेपटावर ह्यांचा सगळा जीव. "हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात लोक," हे म्हणायचे, "पण आमच्या धंद्यात घात करतं ते शेपूटच." स्वतःच्या तोंडाने म्हणायचे, हे मी विसरू शकत नाही.

आमची एकुलती एक लेक बापाच्याच वळणावर गेली. खाण तशी माती. ती गॅसच्या पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाला, दरीपलीकडच्या स्टेशनात ऑपरेटर झाली. तिथे कॉम्प्रेसर आहे. लांबून दमून आलेला गॅस तो पुन्हा दाबतो आणि पुढे शहराकडे ढकलतो. लेक तिकडेच खोली घेऊन राहायची आणि रोज संध्याकाळी फोन करायची. ह्यांनी उचलला की पहिला प्रश्न ठरलेला, "थेंब की कोरडं?" हे म्हणायचे, "कोरडं." की लगेच फोन माझ्याकडे. बापलेकीचं 'कसे आहात, बरा आहे' एवढ्यातच उरकायचं, आणि दोघांनाही ते पुरायचं. मला कधीकधी हेवा वाटायचा.

ही पाइपलाइन नवी होती आणि ती ह्यांच्या रेघेवर बांधली होती. पाइप एका खोल दरीत उतरतो आणि पलीकडे चढतो. थंडीत त्या दरीत थेंब सुटणार असतील तर स्टेशनच्या तोंडाशी ते अडवायला प्रचंड टाकी हवी. नसतील सुटणार, तर लहान टाकी पुरते. ठरवायचं होतं ह्यांनी.

विहिरीवरून लोखंडी बाटल्यांत भरून गॅसचे दोन नमुने आले. पहिल्या बाटलीतून प्रयोगशाळेने घटक मोजून दिले. ते समीकरणात घातल्यावर रेघ म्हणाली, थंडीत दरीत थेंब सुटतील. दुसऱ्या बाटलीतला गॅस काचेच्या भांड्यात घेऊन दाब उतरवत नेला आणि दव कधी धरतं ते डोळ्यांनी पाहिलं. दव लवकर धरलंच नाही, धरलं ते फार उशिरा, म्हणजे दरीत सगळं कोरडं. आता कागदावरचं खरं की डोळ्यांनी पाहिलेलं? ह्या धंद्यात त्याचं उत्तर ठरलेलं आहे. मोजमाप आणि समीकरण यांचं पटलं नाही तर वाकायचं समीकरणाने. सगळे तसंच करतात, पुस्तकंही तेच सांगतात. ह्यांनी शेपटाचं वजन थोडं उतरवलं, स्वभाव थोडा हलका केला, आणि वाकडी रेघ सरकत सरकत बरोबर मोजलेल्या टिंबावर जाऊन बसली. त्या संध्याकाळी हे शीळ वाजवत जेवायला आले होते.

मोठी टाकी बांधली नाही. ह्यांचं कौतुक झालं. ती रेघ ह्यांच्या सहीसकट चौकटीत घालून स्टेशनच्या भिंतीवर लावली, आणि लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवसभर माझ्यासमोरच असता आता."

मग थंडी पडली. नेहमीपेक्षा फार कडक. एका संध्याकाळी 'कोरडं' ऐकल्यावर लेकीने फोन माझ्याकडे द्यायला सांगितलं नाही. म्हणाली, "कोरडं ना, मग आमच्याकडे दाब कमी का पोचतोय? तिकडून तेवढ्याच जोराने सोडतायत. इथे येईपर्यंत गळपटतो. मीटर तपासले, ठीक आहेत."  मी ह्यांच्याकडे पाहत होते. हातातला फोन तसाच, आणि तोंडचं पाणी पळालेलं.

दुसऱ्या दिवशी हे भर दुपारी घरी आले. आयुष्यात कधी आले नव्हते. बूट न काढता टेबलाशी बसले आणि पिशवीतून ती दुसऱ्या नमुन्याची लोखंडी बाटली काढून माझ्या शिवायच्या कापडावर ठेवली. मी ओरडणार होते, पण ह्यांच्याकडे पाहून मशीन थांबवलं.

"हिच्यावर रिकामी असतानाचं वजन ठोकलेलं असतं," हे म्हणाले. "धुवायला ठेवली होती. आज काट्यावर ठेवली. वजन जास्त भरलं."

"म्हणजे?"

"म्हणजे रिकामी बाटली रिकामी नव्हती. गरम पाण्यात धरून उलटी केली, तर आतून पिवळं तेल आलं."

बाटली उघडण्याआधी ती जमिनीखाली जेवढी ऊब असते तेवढी तापवायची आणि बराच वेळ हलवत राहायची, असा नियम आहे, म्हणजे भिंतीला चिकटलेलं सगळं पुन्हा गॅसमध्ये मिसळतं. पहिल्या बाटलीला तसं केलं होतं. दुसरीच्या वेळी तापवायचं आवरण बिघडलेलं होतं, काम घाईचं होतं, आणि प्रयोगशाळेतल्या माणसाने ती तशीच उघडली. हलकं ते काचेत गेलं, जड ते बाटलीतच बसून राहिलं. दव धरणार कुठून? म्हणजे समीकरण पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. ह्यांनीच त्याचा कान पिरगाळून त्याला खोटं बोलायला लावलं. माझ्या भाषेत सांगायचं तर चांगला बेतलेला कोट चुकीच्या मापावरून उसवून पुन्हा शिवला.

"दरीत तेल साचलंय, अगं," हे म्हणाले. "त्याने वाट अडवलीय, म्हणून दाब पोचत नाही."

"मग काढा की ते."

"हळूहळू काढलं तर निघेल. पण शहर गारठलंय म्हणून उद्या सकाळी जोर वाढवणार आहेत. जोर वाढला की ते साचलेलं सगळं एकदम उठणार. लहान टाकी क्षणात भरेल आणि पुढचं सरळ कॉम्प्रेसरमध्ये. तो गॅस दाबायला केलाय. तेल दाबलं जात नाही. लोखंड फुटतं."

"आणि लेक कुठे बसते?"

ह्यांनी बाटलीकडे पाहिलं. "भिंतीपलीकडे."

मी ह्यांना हाताला धरून उठवलं आणि परत ऑफिसात पाठवलं. काय झालं ते नंतर ह्यांच्याच तोंडून ऐकलं. मोठ्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"सर, तुमची रेघ मोजमापाशी तंतोतंत जुळते," साहेब म्हणाले.

"मोजमापच चुकलं होतं."

"बाटलीत थोडं तेल राहिलं, मान्य. पण त्याने किती फरक पडतो? नवीन नमुना घेऊ, पुन्हा मोजू, समितीपुढे ठेवू."

"तोवर जोर वाढवू नका."

"दवाखाने गारठलेत, सर. मी कशाच्या आधारावर थांबू? अंदाजावर बोलायचं नाही, समीकरणावर बोलायचं, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत."

ह्यांनी जुनी, न वाकवलेली रेघ पुढे ठेवली. साहेबांनी शेजारी भिंतीवरच्या रेघेची प्रत ठेवली आणि दोन्हींवर नजर फिरवून अगदी शांतपणे विचारलं, "ह्यातली खरी कुठली? सही तर दोन्हींवर तुमचीच आहे."

आपलेच दात, आपलेच ओठ. हे तिथून नियंत्रण कक्षात गेले, सुरक्षा विभागात गेले, ज्याला त्याला बाटली दाखवत फिरले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एकाने तर म्हटलं, सर, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा आवाज बसला होता.

फोन वाजला. "थेंब की कोरडं?" लेकीने नेहमीसारखं विचारलं.

"थेंब," हे म्हणाले.

 मग ह्यांनी सगळं सांगितलं, बाटली, शेपूट, दरी, सगळं, आणि शेवटी म्हणाले, "बाळ, उद्या जोर वाढायच्या आधी मशीन बंद कर."

"मशीन बंद केलं तर पुढे शहराचा गॅस जातो, बाबा. लोक मरतील गारठून. माझ्या बाबांना असं वाटतं, हे कारण मी कुणाला देऊ? समोर भिंतीवर तुम्हीच आहात, कोरडं म्हणताय."

मी ह्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. "मला तुझं शास्त्र सांगू नकोस. उद्या आजारी पड. ताप आला म्हण, पोट दुखतंय म्हण, काहीही म्हण, पण त्या खोलीत जाऊ नकोस."

"मी नाही गेले तर दुसरं कुणीतरी त्या खुर्चीवर बसेल, आई. त्यालाही आई असेल."

असू दे, मला वाटलं. असू दे त्याला आई, मला काय करायचंय. खरंच तसं वाटलं आणि मी ते तोंडाने बोललेही. लेक म्हणाली, "आई, बाबांना दे."

मग दोघं हळू आवाजात बोलले. ती म्हणाली, आधी बंद करता येणार नाही, पण तेल येतंय हे नक्की कळलं तर त्या क्षणी बंद करण्याचा अधिकार तिला आहे. टाकी भरल्याची घंटा वाजेपर्यंत उशीर झालेला असेल. त्याआधी कसं कळेल? ह्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "कोरडा गॅस पाइपात शीळ घालतो. तेल पुढे सरकायला लागलं की आधी शीळ दबेल. मग गुरगुर ऐकू येईल, लांबून. गुरगुर आली की विचार करू नकोस, दाब बटण."

"पण आत कानावर ती आवाज अडवायची झाकणं असतात, बाबा. मशीनशिवाय काही ऐकू येत नाही."

"काढ ती," हे म्हणाले. "पाइपाजवळ उभी राहा आणि ऐक."

सकाळी पहिल्या बसने आम्ही निघालो. हे खिडकीशी, मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाटली, तान्हं मूल धरावं तशी. मी एकदाही काही बोलले नाही. बोलले असते तर शिव्याच दिल्या असत्या, आणि ह्यांना त्या लागल्याही नसत्या, इतके ते आधीच खचलेले होते. समोरच्या बाईने विचारलं, "काय आहे हो त्यात?" हे म्हणाले, "काही नाही, रिकामी आहे." आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले.

स्टेशनच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं. पास नाही, आत सोडता येणार नाही. हे त्याला समीकरण समजावून सांगायला लागले. बिचारा मान डोलवत ऐकत होता. तेवढ्यात मला आवाराच्या टोकाला कुंपणाशी सात-आठ माणसं उभी दिसली, हात काखेत घालून, थंडीने कुडकुडत. मी ओरडून विचारलं, काय झालं. एकजण म्हणाला, "मॅडमनी आगीची तालीम लावलीय. सगळ्यांना बाहेर काढलं."

"आणि मॅडम?"

"त्या आतच आहेत."

मशीनचा आवाज तिथवर येत होता, एकसारखा, जमिनीतून पायांत शिरणारा. मग तो उतरायला लागला. हे म्हणाले, "दाबलं. तिने बटण दाबलं." ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की दुखला. आवाज उतरत होता, उतरत होता, आणि तो पुरता थांबायच्या आत आतून जो धडाका झाला तो मी सांगू शकत नाही. त्यामागून जादा दाब सोडणाऱ्या झडपेची किंकाळी, थांबतच नव्हती. ह्यांच्या हातातून बाटली पडली आणि घरंगळत रस्त्याच्या कडेला गेली. पहारेकरी स्वतःच फाटक उघडून धावत सुटला.

लेक वाचली. मशीनचा वेग उतरलेला होता म्हणून त्याचं एक लोखंडी झाकण उडण्यावर भागलं. पुऱ्या वेगात असतं तर भिंतच राहिली नसती, असं नंतर सगळे म्हणाले. दुसऱ्या कुणाला ओरखडाही आला नाही. झाकण तिच्या अंगावर आलं नाही, पण त्याचा आवाज आला, आणि शेजारचीच झडप उघडली तिचा आवाज आला, आणि लेकीच्या कानावर काही नव्हतं. डॉक्टरांनी दोन्ही कानांत पाहिलं, पुन्हापुन्हा तपासलं, आणि आम्हाला बाहेर बोलावलं. जे गेलंय ते परत यायचं नाही, एवढंच त्यांच्या बोलण्यातलं माझ्या डोक्यात शिरलं.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं, मूळ कारण, नमुन्याची बाटली न तापवणं. ह्यांना दोष दिला नाही, मोजमापावर समीकरण जुळवणं हीच मान्य पद्धत आहे म्हणाले. दोष दिला तो लेकीला, एका ओळीत. कानाचं संरक्षण न वापरल्याबद्दल. मी तो कागद साहेबांच्या टेबलावर आपटला आणि म्हटलं, "तिने कान झाकले असते तर तुमची ही एक ओळ वाचली असती, पण तिथे ना भिंत राहिली असती ना ती." साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, मला माहीत आहे." माहीत असून ओळ तशीच राहिली.

कंपनीने ह्यांनाच सांगितलं, समीकरण पुन्हा जुळवून द्या. दरीतून किती तेल निघालं ते आता मोजून झालं होतं. हे टेबलाच्या आपल्या टोकाला बसले. शेपटाला त्याचं पहिलं वजन परत दिलं, पहिला स्वभाव परत दिला, आणि रेघ काढली. तेल जेवढं निघालं होतं तेवढंच रेघेने सांगितलं. काहीच जुळवावं लागलं नाही. हे कागदाकडे बघत म्हणाले, "हे आधीपासूनच बरोबर होतं गं." मी मशीन चालवत राहिले. 

लेक आता आमच्याकडेच असते. पुढे होईल काही, शिकेल काही, तिची हिंमत माझ्यापेक्षा मोठी आहे. पण ह्यांचं मला बघवत नाही. संध्याकाळ झाली की लेक ह्यांच्यासमोर येऊन बसते आणि पूर्वी फोनवर विचारायची तसं विचारते, जरा मोठ्यानेच, कारण स्वतःचा आवाज तिला आता कळत नाही. "बाबा, थेंब की कोरडं?" हे पेन खाली ठेवतात. तिच्याकडे नीट तोंड करून, आवाज न काढता नुसत्या ओठांनी, एकेक अक्षर सुटं करून उत्तर देतात. लेक ह्यांच्या ओठांकडे एकटक बघते, आणि म्हणते, "कळलं."

माझं बोलणं ती ओठांवरून चटकन ओळखते, शेजारणीचं ओळखते, दूधवाल्याचंसुद्धा. तेव्हा परवा स्वयंपाकघरात, ह्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून, मी तिला कागदावर लिहून विचारलं, बाबा रोज काय सांगतात गं तुला?

ती गळक्या नळाखाली हात धरून उभी होती. म्हणाली, "कुणास ठाऊक. माझ्याशी बोलताना त्यांचे ओठ इतके थरथरतात, आई, की एकही शब्द लागत नाही. मी आपलं कळलं म्हणते."